उपचारापूर्वीचे दोन आठवडे

मुंबईच्या परळ भागातील गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. तरीही एका अर्थाने परळ अद्याप श्रमिकांचेच आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रुग्ण तपासण्यांच्या फायली छातीशी धरून टाटा स्मारक रुग्णालयाच्या दाराशी येतात. जागा मिळाली तर ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, न मिळाली तर पदपथावर पथारी पसरतात. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुशक्ती विभागाकडे आले. तेथून पायी जाता येईल अशा अंतरावर महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आहे. शरीराबाहेर फलन घडवून जन्मास आलेली मुंबईतील पहिली मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी तेथेच जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमांचे ते फळ होते. आनंदकुमार ज्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते, ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्थाही परळमध्येच आहे.

तिन्ही संस्था सार्वजनिक पैशावर उभ्या आहेत. एका दारात जीव वाचवला जातो. दुसऱ्या दारात नवा जीव जन्मास घालण्याचे शास्त्र याच शहरात सिद्ध झाले. या दोन दारांना जोडणारी वाट मात्र आपल्या आरोग्यधोरणाने अजून आखलेली नाही. ती न आखल्याने कोणाचे काय जाते, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी करावयास हवा, कारण जाते ते प्रामुख्याने गरिबांचे आणि तेही तरुणांचे.

कर्करोग हा म्हातारपणाचा रोग, ही समजूत अर्धसत्य आहे. रक्ताचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा हॉजकिन रोग, हाडांचा कर्करोग, पुरुषांमधील वृषणाचा कर्करोग हे बालपणी वा ऐन तारुण्यात गाठतात. स्तनाचा कर्करोगही तिशीतल्या स्त्रियांना सोडत नाही. यांतील पुष्कळ रोग आता बरे होतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले वाचतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरीब देशांत हे प्रमाण फारच कमी असले तरी २०३० पर्यंत ते जगभर किमान ६० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प संघटनेने २०१८ मध्ये सोडला आहे. म्हणजेच, जो मुलगा पूर्वी वाचलाच नसता, त्याच्यापुढे आता पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य पडलेले असते. ते आयुष्य कसे असेल हा प्रश्न वैद्यकाच्या यशातूनच निर्माण झाला आहे.

जी औषधे रोग मारतात तीच शरीराच्या अन्य पेशींवरही घाला घालतात. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे बीजकोशातील बीजांचा साठा जाळून टाकतात. स्त्रीच्या शरीरात बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. तो पुन्हा भरून येत नाही. पुरुषाच्या बाबतीत शुक्राणूंची निर्मिती काही काळ किंवा कायमची थांबते. ओटीपोटावर केलेले किरणोपचार आणि अस्थिमज्जा रोपणापूर्वी सर्वांगास दिले जाणारे किरण यांचा परिणाम त्याहूनही कठोर असतो. प्रत्येक रुग्णास हा धोका सारखा नसतो. हॉजकिन रोगावरील काही औषधयोजना तुलनेने सौम्य ठरल्या आहेत. परंतु आपल्याला कोणता धोका आहे, हे उपचार सुरू होण्यापूर्वी कळण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णास आहे. उपचारानंतर ते कळून उपयोग नसतो.

उपाय आहेत, आणि त्यांतील काही फार जुने आहेत. वयात आलेल्या मुलाचे वीर्य गोठवून ठेवणे हा त्यांतील सर्वांत सोपा. त्यास एक-दोन दिवस पुरतात. स्त्रीबीजे गोठवायची तर सुमारे दोन आठवडे संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिला जन्म १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने या पद्धतीवरील प्रायोगिक हा शिक्का काढून टाकला. ज्या मुली वयात आलेल्या नाहीत, किंवा ज्यांना दोन आठवडे थांबणे शक्य नाही, त्यांच्या बीजकोशाचा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून गोठवता येतो आणि रोगमुक्तीनंतर पुन्हा बसवता येतो. २००४ मध्ये बेल्जियममध्ये एका हॉजकिनमुक्त स्त्रीला याच मार्गाने मूल झाले. किरणोपचार करावयाचे असतील तर बीजकोश किरणांच्या वाटेतून बाजूस सरकवण्याची शस्त्रक्रिया कित्येक वर्षांपासून केली जाते. तिला कोणत्याही गोठवणयंत्राची गरज लागत नाही.

या शास्त्राच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. तीव्र रक्तकर्करोगात उपचार दोन आठवडे लांबवणे जीवावर बेतू शकते. अशा रुग्णाच्या बीजकोशाचा तुकडा पुन्हा बसवताना त्याबरोबर रोगाच्या पेशी परत येण्याचा धोका असतो. वयात न आलेल्या मुलांसाठीचे उपाय अद्याप प्रयोगावस्थेत आहेत. आणि गोठवलेले बीज म्हणजे हमखास मूल नव्हे. जे शास्त्र देत नाही त्याचे आश्वासन देणारे बाजारात पुष्कळ आहेत. सार्वजनिक धोरणाने त्यांच्या पंक्तीस बसू नये. परंतु मर्यादा आहेत म्हणून जे शक्य आहे तेही नाकारावे, हा न्याय होत नाही.

हे सारे परदेशी विलासाचे शास्त्र आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने महाराष्ट्रातील कोणत्याही दुग्धव्यावसायिकाच्या गोठ्यात डोकावून पाहावे. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिसरीनच्या साह्याने शुक्राणू गोठवून जिवंत ठेवण्याची युक्ती शोधली. तिचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो गुरांच्या पैदाशीत. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली, आणि या संस्थेच्या व शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या द्वारे उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले वळूचे वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचले. मोटारसायकलीस नायट्रोजनचा डबा बांधून वाडीवस्तीवर जाणारा माणूस ग्रामीण महाराष्ट्राने गेली कित्येक दशके पाहिला आहे. वळूचे बीज तालुक्याच्या गावी सुरक्षित राहू शकते; मग त्याच शेतकऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे बीज जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात का राहू शकू नये, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते अग्रक्रमांत शोधावे लागते.

भारतीय शास्त्रज्ञांना हे ज्ञान नव्हते असेही नाही. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून घडवलेला जन्म ३ ऑक्टोबर १९७८ चा. लुईस ब्राऊन ही या मार्गाने जन्मलेली जगातील पहिली मुलगी त्याआधी अवघे ७० दिवस इंग्लंडमध्ये जन्मली होती. भ्रूण गोठवण्याच्या बाबतीत तर मुखोपाध्याय जगाच्या पुढे होते. ऑस्ट्रेलियातील तसा जन्म १९८४ चा. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ मध्ये आनंदकुमार यांनी त्यांची टिपणे तपासून, स्वतःकडे असलेला पहिलेपणाचा मान त्यांना दिला. ज्ञान सार्वजनिक संस्थांत निर्माण झाले आणि त्याचा प्रसार मात्र प्रामुख्याने खासगी केंद्रांतून झाला, ही या कथेची दुसरी बाजू. आज स्त्रीबीज गोठवण्याच्या एका फेरीचा खर्च खासगी केंद्रात लाखाच्या पुढे जातो. साठवणुकीचे वार्षिक भाडे निराळे. ज्या कुटुंबाने निदानापर्यंत पोहोचतानाच जनावर विकलेले असते, त्याला ही रक्कम दोन आठवड्यांत उभी करता येत नाही.

येथे शासनाच्या भूमिकेतील विसंगती समोर येते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी जोडलेली आहे. या योजनांतून कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार यांचा खर्च भागवला जातो. ती मोठी गोष्ट आहे. तिचे श्रेय कोणीही नाकारू नये. परंतु आयुष्मान योजनेने जे उपचार वगळले आहेत त्यांच्या यादीत प्रजननविषयक प्रक्रियांचा समावेश आहे. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियांचा समावेशही त्याच यादीत आहे. निरोगी श्रीमंताने हौसेने नाक नीट करून घेणे आणि कर्करोग झालेल्या गरीब मुलीचे बीज वाचवणे या दोन गोष्टी शासनाच्या वहीत अशा रीतीने शेजारी नोंदल्या गेल्या आहेत. याचा अर्थ असा की, जे औषध मुलीची जननक्षमता नष्ट करते त्याचे पैसे शासन देते. ती क्षमता आधी जपून ठेवण्याचे पैसे देत नाही. रस्त्यासाठी शेत घेणारे शासन शेताची भरपाई देण्यास कायद्याने बांधलेले असते. येथे मात्र उपचारातून होणाऱ्या हानीचा विचारच हिशेबात धरलेला नाही.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला लोकसंख्येचा. ज्या देशाची लोकसंख्या एवढी अफाट, त्याने मुले होण्यासाठी पैसा का खर्च करावा? हा प्रश्न ऐकताच महाराष्ट्रातील लोकशाहीवाद्यांना १९७६ हे वर्ष आठवावयास हवे. आणीबाणीच्या त्या काळात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. परंतु १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांचे ओझे कोणाच्या शरीरांवर पडले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या अनुभवातून जो धडा मिळाला तो असा, की मूल होऊ देणे वा न देणे हा निर्णय व्यक्तीचा आहे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणाऱ्या र. धों. कर्वे यांचा आग्रहही मुळात या स्वाधीनतेचाच होता. ज्या तत्त्वाने सक्तीची नसबंदी अन्याय्य ठरते, त्याच तत्त्वाने टाळता येण्याजोगे वंध्यत्व न टाळणे हेही अन्याय्य ठरते. शिवाय वाचलेल्या काही हजार तरुणांच्या मुलांनी देशाच्या लोकसंख्येत फरक पडेल, ही भीती अंकगणितातही बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. जेथे पुष्कळ रुग्णांना वेळेवर निदानही मिळत नाही, तेथे हा खर्च आधी करावा काय? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. साधने तुटपुंजी आहेत हे खरेच. परंतु हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. या १४ लाखांत मूल होण्याच्या वयाचे वा त्याहून लहान रुग्ण थोडे. त्यांतही ज्यांच्या उपचारात वंध्यत्वाचा मोठा धोका आहे आणि ज्यांना थांबण्यास अवधी आहे असे त्याहून थोडे. वीर्य गोठवणे स्वस्त आहे. बीजकोश बाजूस सरकवण्यासाठी नवी यंत्रे नकोत, आधी ठरवणारा शल्यचिकित्सक हवा. आणि रुग्णास धोका समजावून सांगण्यास तर अर्धा तास पुरतो. जे फुकट आहे तेही जेव्हा होत नाही, तेव्हा पैशाच्या टंचाईची सबब अपुरी ठरते. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढून टाकल्याचे प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजले. गरीब स्त्रीचे गर्भाशय हा अडचणीचा, काढून टाकण्याजोगा अवयव मानणारी दृष्टी आणि गरीब मुलीच्या बीजांचा विचारच न करणारी दृष्टी यांत फार अंतर नाही.

तिसरा आक्षेप दत्तकाचा. दत्तक घेणे हा उदात्त मार्ग आहे, आणि ज्यांना तो हवा त्यांचे स्वागतच व्हावे. परंतु तो सुखवस्तूंना ऐच्छिक आणि गरिबांना सक्तीचा असा दुजाभाव मान्य करता येणार नाही. शिवाय २०२२ च्या दत्तकविषयक नियमांनुसार पालकास जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे. कर्करोगातून उठलेल्या जोडप्यास आपण त्या अटीत बसतो हे सिद्ध करीत बसावे लागते. एक दार शासनाने उघडलेच नाही, आणि दुसऱ्या दारापाशी प्रमाणपत्र मागितले जाते.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो स्त्रीदास्याचा. मूल नसलेल्या स्त्रीला आजही हळदीकुंकवास बोलावताना हात आखडतो. कर्करोगातून वाचलेल्या मुलीचे लग्न जमवताना आजार लपवला जातो, आणि पुढे तो उघड झाला की तिला माहेरी पाठवले जाते. जपून ठेवलेल्या बीजाने ही मनोवृत्ती बदलणार नाही. तिच्याविरुद्धचा लढा निराळा आणि दीर्घ आहे. मातृत्वाचे देव्हारे माजवण्यासाठी ही मागणी नाही. मूल नको असे ठरवणाऱ्या मुलीचा अधिकारही तितकाच पवित्र आहे. ठरवण्याची संधीच हिरावली जाऊ नये, एवढेच येथे मागणे आहे. बाप डॉक्टरांना बाहेर गाठून, मुलीला काही सांगू नका असे विनवतो. त्यामागे माया असते. परंतु सतरा वर्षांच्या मुलीच्या शरीराचा निर्णय तिच्या पाठीमागे होतो, हे मायेने झाकले जात नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्येच उपचारापूर्वी ही माहिती देणे हे वैद्यांचे कर्तव्य ठरवले. ब्रिटनमध्ये २०१३ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी कर्करुग्णांची जननबीजे जपून ठेवण्याची शिफारस केली, आणि १ जुलै २०२२ पासून साठवणुकीची कमाल मुदत ५५ वर्षे केली. जर्मनीने २०१९ मध्ये कायदा करून हा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्यावर टाकला. जपानने २०२१ पासून तरुण कर्करुग्णांसाठी राष्ट्रीय अनुदान सुरू केले. यांतील कोणत्याही देशाने ही गोष्ट चैनीत जमा केली नाही. कर्करोगाच्या उपचाराचा भाग म्हणूनच ती स्वीकारली.

आपल्याकडे कायदाही अपुरा आहे. साहाय्यित प्रजननाचे नियमन करणारा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. बाजारातील गैरप्रकारांना आळा घालणे हा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु तो लिहिताना डोळ्यांसमोर होते ते मूल न होणारे प्रौढ जोडपे. सेवा घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचे वय २१ वर्षांहून अधिक असावे, असे कायदा सांगतो. साठवणुकीस दहा वर्षांची मर्यादा घालतो. पंधराव्या वर्षी कर्करोग झालेल्या मुलीने काय करावे? स्वतःच्याच भावी उपयोगासाठी बीजे ठेवणाऱ्या अल्पवयीन रुग्णांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. दहा वर्षांनी ती पंचविशीत असेल. कदाचित शिकत असेल, कदाचित रोग उलटण्याच्या भीतीतून नुकती मोकळी होत असेल. मृत्यूनंतर बीजांचे काय करावे याबाबतही न्यायालयांनाच वाट काढावी लागत आहे. कर्करोगाने गेलेल्या एका अविवाहित तरुणाचे गोठवलेले वीर्य त्याच्या आईवडिलांच्या स्वाधीन करावे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. अशा प्रसंगी मृताची इच्छा काय होती हाच कळीचा प्रश्न असतो. ती इच्छा तो जिवंत असताना, त्याच्या भाषेत समजावून, नीट लिहून घेतली गेली पाहिजे. कोणाच्याही दुःखाची परीक्षा न्यायालयात व्हावी लागू नये.

यातून मागण्या स्पष्ट होतात. कर्करुग्णांची जननक्षमता जपण्याचा खर्च वगळलेल्या यादीतून काढून कर्करोगाच्याच उपचारखर्चात धरावा. उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येक तरुण रुग्णास हा धोका मराठीत, लेखी आणि तोंडी, सांगणे बंधनकारक करावे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किमान वीर्य जपून ठेवण्याची सोय असावी, आणि स्त्रीबीज व बीजकोश गोठवण्यासाठी प्रत्येक महसूल विभागात एक सार्वजनिक केंद्र असावे. २०२१ च्या कायद्यात कर्करुग्णांसाठी वयाची अट शिथिल करावी व साठवणुकीची मुदत वाढवावी. यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही. एक शासननिर्णय, एक दुरुस्ती विधेयक आणि अंदाजपत्रकातील एक ओळ एवढ्याने ती पुरी होऊ शकते.

परंतु शासन हलेल तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. गावातील रुग्णाला मुंबईस नेऊन दाखल करणे, योजनेच्या आरोग्यमित्राशी बोलणे, कागदपत्रे पुरी करणे ही कामे कार्यकर्ते आजवर करीत आले आहेत. त्या कामात यापुढे एका प्रश्नाची भर पडावी. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल, तर पहिली सलाईन लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: या उपचाराने पुढे मूल होण्यात अडचण येईल काय, आणि येणार असेल तर आज काय करता येईल? प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत. पुष्कळदा उत्तर असे येईल की अवधी नाही, किंवा सोय नाही. अवधी नसेल तर तो रोगाचा दोष. सोय नसेल तर तो शासनाचा, आणि त्याची नोंद नाव, गाव, तारखेसह ठेवावी, रुग्णाची संमती घेऊन. अशा नोंदींची वही तयार झाली की विधिमंडळात प्रश्न विचारताना लोकप्रतिनिधीच्या हाती पुरावा असेल.